तळाचे नाव

जो माणूस यादीत तळाला आहे, तोच कामात सर्वांत मागे आहे का? या एका प्रश्नासाठी मी आमच्या साकीनाक्याच्या कारखान्यात काही दिवस टेबलाशेजारी वही घेऊन उभा होतो.

आम्ही कुकरच्या रबरी रिंगा बनवतो. तपासणीच्या टेबलावर सहा बायका बसतात. प्रत्येकीने आपले कार्ड लावायचे, रिंग पाहायची आणि हिरवे किंवा लाल बटण दाबायचे. त्या नोंदींवरून नवे सॉफ्टवेअर महिन्याची यादी लावते. पहिल्याच यादीत टेबलावरच्या सर्वांत जुन्या मावशी तळाला आल्या: वेळ सर्वांत जास्त, नापास रिंगा सर्वांत जास्त. त्यांना पॅकिंगला पाठवायचे ठरले. पंचवीस वर्षांचा हात खोकी चिकटवणार होता.

"साहेब, एकदा तपासू या," मी म्हणालो.

"मास्तर, संगणक भावकी बघत नाही," साहेब हसले. "सोमवारपर्यंत काय ते दाखवा."

पूर्वी मी क्लासमध्ये गणित शिकवत असे, म्हणून इथेही मी मास्तरच आहे. सॉफ्टवेअरला कोणत्या नोंदी द्यायच्या, तो तक्ता मीच आखला होता. त्यामुळे तपासणीची सुरुवात माझ्यापासूनच व्हायला हवी होती.

पहिल्या दिवशी दुपारीच उत्तराचे टोक दिसले. मावशींच्या शेजारची मुलगी एक रिंग बोटांत फिरवत म्हणाली, "मावशी, बघ ना गं हिचं काय ते. माझ्या नावावर लाल नको."

"आण. तुमची सगळ्यांची पापं माझ्याच कार्डावर!"

टेबल हसले. मी हसलो नाही. संशयाची प्रत्येक रिंग मावशींच्या ट्रेमध्ये जात होती. मावशी ती अंगठ्याखाली सावकाश फिरवत, ताणून पाहत आणि बहुधा लाल बटण दाबत. ही रीत सर्वांना ठाऊक होती. माझ्या तक्त्यात मात्र 'रिंग कोणाकडून आली' हा रकानाच नव्हता.

"मावशी, तुम्ही नाही का म्हणत नाही?"

"मास्तर, माझ्या हाताला कळतं म्हणून आणतात. नाही म्हणू, आणि फाटकी रिंग कुणाच्या घरी जाऊ दे?"

दुसऱ्या दिवसापासून मी तो ट्रे उचलून ठेवला. प्रत्येकीने आपला निर्णय आपणच घ्यायचा.

"वाट लागली! माझं तर सगळं लालच होतंय," शेजारची कुरकुरली.

मावशींचा वेग आणि लाल नोंदी इतरांच्या बरोबरीला आल्या, इतरांचा वेग उतरला. पण मी समोर उभा असल्याने त्या सगळ्या बिचकत असतील, हीही शक्यता होती. म्हणून शेवटचे दोन दिवस मी गोदामात बसून फक्त नोंदी वाचल्या. चित्र तेच राहिले.

सोमवारी साहेबांनी वही दोनदा वाचली. "म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं?"

"नाही. त्याने दिलेले गणित बरोबर सोडवले. उदाहरण मी अपुरे घातले होते."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "रकाना वाढवा. मावशी टेबलावरच राहतील. ट्रेही परत ठेवा."

तो ट्रे आज तिथेच आहे, आणि त्यातल्या रिंगा वेगळ्या मोजल्या जातात.

एका टेबलावरून मी सर्व कार्यालयांचा नियम सांगणार नाही. तुमच्याकडेही अशी यादी लागत असेल, तर तळाच्या नावाशेजारी एक दिवस उभे राहा, त्याच्याकडे कोणते काम कोणाकडून येते ते लिहा, आणि माझे म्हणणे खरे की खोटे, हे स्वतः तपासून पाहा.