कोपरावरच्या बांगड्या

दुपारी घरात मी एकटी असले की कधीकधी प्लास्टिकच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज येतो. उठून बघते. कुणी नसतं, हे माहीत असूनही बघते. नोकरी सोडून दोन वर्षं झाली, पण ही सवय सुटलेली नाही.

यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याकडच्या एका वृद्धाश्रमात मी सहा वर्षं नर्स होते. माझ्या तोंडाचा पट्टा तिथे सगळ्यांच्या ओळखीचा होता. कुणी गोळी गालात लपवली, कुणी कोपऱ्यात तंबाखूचा खर्रा थुंकला, की मी सुरू. आयांवर ओरडायचे, म्हाताऱ्यांवर ओरडायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही दारात चपला काढायला लावल्या होत्या. माझ्या कामाला कुणी नावं ठेवू शकणार नाही, अशी माझी घमेंड होती.

तिथली एक बंजारा आजी आणि तिचा नवरा दिग्रसजवळच्या एका तांड्यावरून आलेले. तो पुरुषांच्या बाजूला, ती बायकांच्या. सकाळी अंघोळी आटोपल्या की दोघं मधल्या अंगणात बाकावर बसायची. ती तंबाखू मळायची, तो हात पुढे करायचा. मी येऊन दोघांनाही झापायचे, आणि दोघं खाली बघून हसायची.

तिच्या दोन्ही दंडांत, कोपरापासून वर, पांढऱ्या बांगड्यांची चळत होती. ती त्याला चुडो म्हणायची. पूर्वी हस्तिदंताच्या असायच्या म्हणे. तिच्या प्लास्टिकच्या होत्या. नवरा असेपर्यंत घालायच्या, तो गेला की उतरवायच्या. आजीला शुगर होती, त्यामुळे माझा नियम कडक होता. रोज अंघोळीच्या वेळी त्या बांगड्या एकेक करून सरकवायच्या आणि खालची कातडी पुसून कोरडी करायची. आया कुरकुरायच्या, पण करायच्या.

होळी झाली आणि म्हाताऱ्याला धाप लागली. दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी तो तिथेच गेला. त्यांचा मुलगा पांढरकवड्याच्या बाजूला ट्रकवर होता. त्याने तांड्यावर सगळे विधी उरकले आणि मग आमच्याकडे आला. मुंडण केलेल्या डोक्याला दुपट्टा गुंडाळून गेटवरच उभा राहिला, आत आईकडे गेलाच नाही.

"सिस्टर, याडीले सांगू नका," तो म्हणाला. याडी म्हणजे आई. "थे नाही टिकनार. म्हना, बापूले नागपूरले भरती केलं."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्यासमोर बसून ते सांगायची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी आया बांगड्यांपाशी येऊन थांबली आणि मला दाराबाहेर बोलावून कुजबुजली. "मानूस गेला अन् हिचा चुडो तसाच हाय. माह्या हातानं फुटला तं मी काय सांगू तिले?" मी तिला तिथल्या तिथे फैलावर घ्यायला हवं होतं. पण माझाही हात धजेना. त्या बांगड्यांना हात लावला की माझ्या तोंडून काहीतरी निसटेल, अशी धास्ती होती. आम्ही वरून पाणी घातलं, कोपराखाली साबण लावला आणि पदर ओढून दिला. मग रोज तसंच होत गेलं.

दर सोमवारी प्रत्येकाचा एक कागद भरायचा असे. त्यात "त्वचा तपासली" अशी ओळ होती. मी त्या ओळीपुढे सही करायचे. चुकून नाही, जाणूनबुजून करायचे. दर सोमवारी केली.

मे महिन्यात आमच्याकडे पंख्याची हवासुद्धा भाजते. आजीच्या खाटेजवळ वास येऊ लागला. आयाने पावडर टाकली. वास मलाही आला होता. घामाचा असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग तिला ताप भरला. दंड इतका सुजला की बांगड्या मांसात रुतल्या. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि बांगड्या कापायला सांगितलं.

मी पक्कड घेऊन तिच्याजवळ बसले. थाप तयारच होती. "आजी, हात बरा झाला की नव्या भरू."

तिने सुजलेला दंड पुढे केला. "कायले नव्या, बाई? थो गेला ना."

मी पक्कड खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनंच नाही. होळी झाली अन् तू माह्यावर वरडनं सोडलं. मी दोनदा जेवन टाकून पाह्यलं, तरी वरडली नाहीस. मंग समजलं."

"इतकं दुखत होतं, तरी बोलल्या काहून नाही?" गडबडीत माझ्या तोंडून तिचीच भाषा निघाली.

"तुमी सारे एवढे जपून राह्यले होते. पोरगाबी भेला, भेटाले आला नाही. मी कसं सांगाव?"

मी बांगड्या कापल्या. खालचं काय सांगू? आयुष्यात मी पुष्कळ जखमा धुतल्या, पण ही माझ्या सह्यांखाली वाढलेली होती. गाडीत घालून तिला यवतमाळला नेलं. मी शेजारी बसले होते. रस्त्यात तिने हळूच विचारलं, "आता रडू का मी?"

तिच्या तांड्यावर बाई एकटी रडत नाही. दुसरीच्या गळ्यात हात टाकून, गेलेल्याचं एकेक आठवत, सुरात रडते. आजीने बरा हात माझ्या गळ्यात टाकला आणि रडायला लागली. तिचे शब्द मला कळत नव्हते. दोन महिने तिला असा गळा मिळाला नव्हता, एवढं कळत होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी ती गेली. विष रक्तात भिनलं होतं.

मुलगा आला. या खेपेला दवाखान्याच्या व्हरांड्यात मीच त्याला सामोरी गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते: बांगड्या, सह्या, तिचं रडणं. त्याने माझे दोन्ही हात धरले. डोळे लाल झाले होते. "सिस्टर, एकच सांगा. बापू गेला हे याडीले शेवटपर्यंत समजलं तं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

तो वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.