मान मोडली, सीट वाचली

मान मोडलेली असताना मी पाठ टेकवायला नकार दिला. आयुष्यात चुका बऱ्याच केल्या, पण इतकी मन लावून दुसरी कुठलीच केली नाही.

झालं असं. वडवणीच्या अलीकडं एका गावची जत्रा होती. जंगी कुस्त्या. मी तेव्हा अंगानं भरलेला होतो आणि डोक्यानं रिकामा. समोरचा पैलवान परळीकडचा, गुणी माणूस. मी टांग मारायला गेलो. त्यानं मला तसाच उचलला आणि मी डोक्यावर उतरलो. कडकन आवाज आला. मला वाटलं, शेजारी कुणीतरी उसाचं कांडं मोडलं.

मग दोन्ही हातांतून करंट गेला. पाय कुठं आहेत ते कळेना. मी कुशीवर, तोंडात माती. आणि डोक्यात एकच: पंचानं अजून निकाल दिलेला नाही.

ज्यांना मातीतली कुस्ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाठ मातीला लागली की माणूस संपला. चितपट. गुणबिण काही नाही, पुन्हा विचारणं नाही. लहानपणापासून तालमीत हेच कानात भरलेलं. तर लोक मला उचलून सरळ निजवायला आले, आणि मी ओरडलो, "पाठ टेकवू नका रे! कुस्ती चालू हाय!"

लोक हसले. आणि त्यांनी माझं ऐकलं. त्या गावानं आयुष्यात एकदाच माझं ऐकलं, ते हे. काखेत हात घालून मला बसता केला. मान छातीवर लोंबली. एकानं केसांना धरून ती वर उचलली आणि लोकांना दाखवली. "हे बघा, शुद्धीत हाय." पंच म्हणाला, "उभा करा, रग उतरंल." उभा केला. पाय नव्हतेच, त्यामुळं मी उभा राहिलो नाही. दोरीवरच्या कपड्यासारखा लोंबलो.

माझे वस्ताद चाँदभाई धावत आले. बीडमध्ये त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आणि गॅरेजच्या मागं तालीम. खोलायचं, तेल द्यायचं, आवळायचं. दोन्हीकडं धंदा एकच. खांदा निखळला, तेल लावून झटका. बरगडी दुखली, पट्टी बांधून जोर मार. डॉक्टरकडं गेलेला पैलवान तालमीला आठवडाभर चेष्टेला पुरायचा. आणि भीती वेगळीच. एक हंगाम घरी बसलात की पुढच्या वर्षी चांगली जोड मिळत नाही. नाव खाली जातं. मी सुजलेल्या गुडघ्यानं कितीतरी जत्रा केल्या. लंगडताना कुणी पाहिलं की चप्पल तुटल्याचं सांगायचो.

वस्तादांनी विचारलं, "हाथ में जान है क्या बे?"

मी म्हणालो, "हात कुठंय?"

तेव्हा ते घाबरले. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आखाड्याच्या कडेला अण्णांची गाडी उभी होती. पांढरी, उंच. अण्णा म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्ष, ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम. त्या गावात त्यांच्या मानेच्या इशाऱ्याशिवाय हलगीसुद्धा वाजत नाही. कुस्तीच्या आधी त्यांनीच माझ्या पाठीवर थाप मारली होती. "आमचा वाघ हाय!" वस्ताद त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "अण्णा, गाडी द्या. अंबाजोगाईला दवाखान्यात न्हेतो."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. अंगभर माती, घाम. लंगोट ओला झालेला. ते मला कळलंही नव्हतं.

"सीट नवी हाय," अण्णा म्हणाले. "माती लागंल."

"चादर टाकतो ना."

अण्णांच्या मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "वस्तीवरचा हाय ना त्यो?"

अण्णांनी वळून पाहिलं नाही. फक्त म्हणाले, "चादरीनं काय हुतंय."

एवढंच. शिवी नाही, ढकललं नाही. आमच्या आजोबांनी धम्म घेतला, घरातले देव उचलून नदीला दिले, माणूस म्हणून ताठ उभे राहिले. पण हे गाडीच्या सीटला कुणी कळवलं नव्हतं. मातीत असेपर्यंत मी आमचा वाघ. मातीबाहेर वस्तीवरचा. मान मोडल्यावर मला पहिली गोष्ट नीट समजली ती ही.

"टेम्पोत घाला," कुणीतरी म्हणालं.

तो टेम्पो माइकचा. वर कर्णे, आत मशीन, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी. त्यात मला कुशीवर कोंबला. तेव्हाही मी पाठ टेकू दिली नाही. जिद्द म्हणतात ती हीच असावी. मग कळलं, टेम्पो हलणार नाही. टेम्पो गेला तर माइक बंद, माइक बंद तर मैदान बंद. "शेवटची कुस्ती होऊ द्या, मग न्या."

सगळ्या कुस्त्या मी ऐकल्या. कर्णा बरोबर डोक्यावर. पुकारा करणारा मोठा रंगेल माणूस. "पैलवानाला किरकोळ मार लागलाय! पैलवान ठणठणीत हाय! टाळ्या!" टाळ्या पडल्या. मी माझ्या ठणठणीत असण्याच्या टाळ्या टेम्पोत पडून ऐकल्या. मग पुकारा झाला की मी चितपट.

मी म्हणालो, "वस्ताद, जाऊन सांगा त्यांला. मी पाठ टेकवली न्हाई."

"चूप बैठ बे," वस्ताद म्हणाले. ते तेलाची बाटली शोधत होते. मानेला एक झटका दिला की बसेल, असं त्यांचं ठरलं होतं. मीही कबूल होतो. पिशवी आखाड्याजवळ राहिली होती, कुणीतरी उचलून नेलेली. बाटली सापडली नाही. म्हणून मी आज हे लिहितोय.

शेवटची कुस्ती झाली. मग पाहुण्यांचे सत्कार झाले. मग आभार. मग टेम्पो निघाला.

अंबाजोगाईला डॉक्टर बाई तरुण होत्या. माझ्या तळपायाला टोचत त्यांनी विचारलं, "पडल्यावर तुम्हाला कुणी हलवलं का?"

मी सगळं सांगितलं. थोडं ऐटीतच. कसं निजवायला आले, कसा मी नको म्हणालो, कसं उभं केलं.

बाई थांबल्या. "म्हणजे सरळ निजवत होते, ते तुम्हीच होऊ दिलं नाहीत? पण का?"

उत्तर माझ्या बायकोनं दिलं. निरोप मिळून ती आली होती, भिंतीला टेकून उभी होती. "हरायचं नव्हतं त्यांला."

दोघींपैकी कुणीच हसलं नाही. मी हसलो होतो, मला आठवतं. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

ऑपरेशन झालं. मानेत धातूची पट्टी बसवली. पाय परत आले, उजवा हात आला. डाव्या हाताची बोटं पुरती आली नाहीत. वाकतात, पण पकड नाही. धरल्यासारखं करतात. पडल्या पडल्या न हलवता जपून आणलं असतं तर काय झालं असतं, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." चांगल्या बाई. खोटं बोलता आलं नाही त्यांना.

वस्ताद भेटायला आले. कॉटच्या कडेला बसून त्यांनी बाईंना विचारलं, "मी झटका दिला असता तर?"

"तर गेले असते."

वस्ताद बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत बसले. तेव्हापासून ते कुणाच्या मानेला हात लावत नाहीत. गुडघ्याची मात्र खात्री देत नाही मी.

कमिटीचं कुणी आलं नाही. मी जिनिंगच्या गेटवर वॉचमन झालो. दिवसभर खुर्चीत बसून कापसाच्या गाड्या आत सोडायच्या. एका हाताचं काम.

आणि पुढच्या जत्रेला अण्णांचा फोन आला. सत्कार करायचाय.

मी खूश झालो. होय, झालो. शर्टाला इस्त्री केली.

"कावून जाताय?" बायको म्हणाली.

"सत्कार हाय."

"कशाचा? मान मोडल्याचा?"

तरी गेलो. फेटा बांधून घेतला, अण्णांच्या शेजारी खुर्चीवर बसलो. पुकारा करणारा तोच. "आपल्या मैदानात जखमी झालेला वाघ! कमिटीनं ह्यांची पुरती काळजी घेतली! अण्णांनी सोताच्या गाडीत घालून अंबाजोगाईला पोचवलं!" टाळ्या. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी मान हलवली. मोठ्या खर्चानं हलती केलेली मान, आणि पहिल्यांदा भर सभेत हलवली ती ह्या खोट्याला.

मग नारळ दिला. मी गडबडीत डावा हात पुढं केला. नारळ निसटला, स्टेजवरून गडगडत खाली गेला.

"हाताला नारळ ऱ्हाईना, कुस्ती काय ऱ्हाणार!" माइकवरून आलं. गाव हसलं. अण्णाही हसले. माझ्या मांडीवर थाप मारून हसले.

मला राग आला नाही. खरं सांगतो. फक्त थकवा आला. इतका, की आता हसायचंही जमणार नाही असं वाटलं.

"वाघाच्या हस्ते पहिली कुस्ती लावूया!" पुकारा झाला. कुस्ती लावायची म्हणजे पाहुण्यानं आखाड्यात उतरायचं, दोन्ही पैलवानांचे हात धरायचे आणि एकमेकांच्या हातात द्यायचे. पाहुण्यानं हात सोडले की कुस्ती सुरू. मी उतरलो. उजव्या हातात एकाचं मनगट, डाव्या हातात सलीमचं. सलीम आमच्याच तालमीतला, बीडच्या फळवाल्याचा मुलगा. हलगी कडाडली. मी आजूबाजूला पाहिलं. टेम्पो तिथंच. अण्णांची गाडी लिंबाच्या सावलीत. तिसरं चाकावरचं काही नाही.

"लावा की," पंच म्हणाला.

"गाडी कुठंय?"

"कसली गाडी?"

"दवाखान्याची. ती येऊ द्या. मग लावतो."

हलगी थांबली. लोकांतून आवाज यायला लागले. "ए, सोड बे!" "ह्याचं वाटोळं झालं, दुसऱ्याचं कावून आडवतो?" अण्णा स्टेजवरून उतरून कडेला आले. "इतकी वर्सं जत्रा हुतीया. कवा गाडी लागली का?"

"मला लागलती."

अण्णा जवळ आले. आवाज खाली. "तुला वर बसवला हीच चूक झाली. तुमच्या लोकांना फेटा बांधला की डोस्कं फिरतंय."

फेटा तिथंच काढून त्यांच्या हातात द्यावा असं फार वाटलं. पण माझे दोन्ही हात गुंतले होते. म्हणून तोंड उघडलं. "अण्णा, गाडी तुमी दिली न्हवती. सीट नवी होती तुमची. मला माइकच्या टेम्पोत टाकलं आन मैदान संपेपर्यंत ठिवलं."

माइक हातात धरून पुकाऱ्या माझ्या शेजारीच उभा होता. माइक चालू. कर्ण्यांतून ते गावभर गेलं. मलाच दचकायला झालं. आपला आवाज इतका चिरका आहे हे माहीत नव्हतं.

मी हललो नाही. ऊन डोक्यावर आलं. शिव्या ऐकल्या. बापाच्या, आईच्या, जातीच्या. वस्ताद गर्दीतून येऊन माझ्यामागं उभे राहिले. शेवटी कमिटीतल्याच एकानं आरोग्य केंद्रात फोन लावला.

गाडी आली. ड्रायव्हर वैतागलेला. "कोण पडलंय?"

"अजून कुणी न्हाई," मी म्हणालो.

"मग कशाला बोलिवलं?"

"त्याच्यासाठीच."

मी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि बाहेर आलो. त्या दिवशी एकाचं नाक फुटलं, बाकी कुणाला काही झालं नाही. लोक अजून मला हे सुनावतात. जणू कुणी मोडलं असतं तर माझी लाज राहिली असती.

आता मला कुणी बोलवत नाही. मी न बोलावता जातो. एसटीनं जाता येईल तिथल्या जत्रेला जातो. पैलवान कपडे काढत असतात तिथं उभा राहतो आणि सांगतो: गाडी नसेल तर हात देऊ नका. पडलेल्याला उचलू नका, उभा करू नका, पाठ लागली तर लागू द्या. काही ऐकतात. बरेच हसतात. दमायला होतं. खरं तर कुस्ती बघायचीही आता इच्छा उरली नाही. पण जिथं गाडी नसेल तिथं मी आखाड्यात उतरणार, आणि उचलून बाहेर फेकेपर्यंत निघणार नाही. सत्कार घेणार नाही, फेटा बांधणार नाही, आणि खोट्याला मान हलवणार नाही. ह्यात आता बदल नाही.

परवा वडवणीच्या बाजारात सलीम भेटला. हॉटेलात बसलो. मला जरा बढाई मारायची लहर आली. म्हणालो, "काय रे, कसा धरून ठेवला होता तुला त्या दिवशी! हलू दिला न्हाई."

सलीमनं बशीतला चहा फुंकला. म्हणाला, "भाऊ, तुमच्या त्या हातात कायबी जोर न्हाई. मीच थांबलतो."