ग्रहणात सुरत, आणि कात्री कुणाच्या हातात

लोक ग्रहण बघायला प्रवास करतात. आम्ही मायलेक १९९९च्या ऑगस्टमध्ये अमळनेरहून सुरतला गेलो, ते बहिणीला ग्रहण बाधू नये म्हणून. सुनंदा तिथल्या लिंबायत भागात राहायची, दिवस गेलेले, आणि घरबसल्या साड्यांचे लोंबते धागे कापायची. ग्रहणात गरोदर बाईने काही कापलं की बाळाचा ओठ फाटतो, अशी आईची खात्री. बिचारी मनापासून घाबरली होती.

पॅसेंजरने जाणार असाल तर सुरतऐवजी उधन्याला उतरा. लिंबायत तिथून जवळ, शेअर रिक्षा मिळते. डबा घरचाच बरा. आमची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आईने वेध लागायच्या आत म्हणून नवापूरलाच संपवायला लावला.

घरात शिरताच आईने कात्री, विळी, सुया, जावयाचा वस्तरा, नेलकटरसुद्धा गाठोड्यात बांधलं, वर गोधडी टाकली आणि त्यावर बसली. गल्लीतल्या आणखी दोन गरोदर बायका आपापल्या विळ्या जमा करायला आल्या. सुनंदा रडकुंडीला आली. संध्याकाळी टेम्पो साड्या न्यायला येणार. गठ्ठा तयार नसला तर पुढचं काम दुसरीला जाणार.

मी बी.एस्सी. झालेलो, गप्प कसला बसतो? सांगितलं, साधारण दर सहा महिन्यांनी ग्रहणांचा हंगाम येतो. अमावास्येला सूर्याचं, पंधरवड्याच्या फरकाने पौर्णिमेला चंद्राचं. वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणं, कधी पाचसुद्धा. बरीचशी परमुलखात दिसतात म्हणून आपल्याला पत्ता नसतो. नऊ महिन्यांत ग्रहण चुकलेलं बाळ जगात नाही.

आई विचारात पडली. "तू पोटमा व्हता तवय बी?"

"तवय बी."

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग उठून कात्री काढली आणि माझ्या हातात दिली.

"मंग तूच काप भो. तुन्हं आते काय बिघडनार शे?"

आकाश ढगांनी गच्च. अंधारून आलं ते ग्रहणाने की पावसाने, कळलं नाही. एका गावाला खग्रास शेकडो वर्षांनी एकदा येतं म्हणतात. ते त्या संध्याकाळी गुजरातवरून सरकत होतं, तेव्हा मी मान खाली घालून गुलाबी साडीचे धागे कापत होतो आणि तीन गरोदर बायका माझ्या चुका काढत होत्या. टेम्पो आला तेव्हा गठ्ठा तयार होता.

सुनंदाला मुलगी झाली, गोड, ठणठणीत. अमळनेरला बारशाला आलेल्या प्रत्येकीला आई बाळ दाखवायची, मग माझ्याकडे बोट करून सांगायची की याच्या वेळी आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.