जवानांस कोणतीही इजा नाही

नगरच्या कामगार न्यायालयात नगरपालिकेच्या वकिलांनी माझ्यासमोर एक पिवळा पडलेला कागद धरला आणि विचारलं, "हे अक्षर ओळखता?"

अक्षर माझंच होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या बंबावर फायरमन होते. शिक्षण सातवी. आगीत शिरायला ते कधी कचरले नाहीत, पण परत आल्यावर लिहायच्या अहवालाची त्यांना धास्ती वाटे. मी कॉलेजात गेले तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. वर्दी किती वाजता आली, आत कोण गेलं, पाण्याच्या किती फेऱ्या झाल्या, ते सांगत आणि मी लिहीत असे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, ती केवळ त्यांच्यामुळे. माझ्या अक्षराचं त्यांना फार कौतुक होतं. बंबाचे ड्रायव्हरकाका चिडवायचे, "आग आमी इझवायची आन् सायब वाखाननार पोरीचं अक्षर. उद्यापासनं हिलाच चढवा बंबावर."

अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं: जवानांस कोणतीही इजा नाही. ते मी जुन्या अहवालांतून उचललं होतं. इजा म्हणजे भाजणं, हाड मोडणं. धूर छातीत गेला तर त्याला इजा म्हणायची रीत नव्हती. त्यासाठी अग्निशमन केंद्रात गुळाचा डबा असे. परतल्यावर प्रत्येकाने एक खडा तोंडात टाकायचा, की छाती साफ झाली असं सगळे मानत.

वकिलांच्या हातातला अहवाल ज्या आगीचा, त्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. जनावरांच्या टेम्पोंतून वाट काढत बंब पोचला तोवर कीटकनाशकांचं गोदाम आतून पेटलं होतं. दादा तोंडाला ओला रुमाल बांधून आत गेले. संध्याकाळी घरी आले ते सडक्या लसणासारखा वास घेऊन. आईने त्यांचा खाकी शर्ट तीनदा धुतला, तरी दोरीवरून तो वास घरात येत राहिला.

मी खाटेवर बसून अहवाल लिहीत होते. दादा मोरीत ओकत होते.

"दादा, कुणाला काही झालं का?" मी बसल्या जागेवरूनच विचारलं.

"न्हाई गं," ते आतून म्हणाले. "धूर लई हुता, येवढंच. तू लिव्ह नेहमीवानी."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती.

पुढे काही वर्षांनी त्यांची फुफ्फुसं निकामी होत गेली. विषारी धुराचा हा परिणाम असावा, असं डॉक्टरांनी कागदावर दिलं, म्हणून आम्ही भरपाईचा दावा लावला. पालिकेचं म्हणणं होतं, हा आजार बिडीचा असेल. दादांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. त्यांना या आरोपाचंच जास्त लागलं. ऑक्सिजनची नळी नाकात असताना एकदा म्हणाले, "पैशाचं र्‍हाऊ दे. बंबावर झालं, येवढं कुनीतरी लिहून द्यावं." ते गेल्यावर दाव्यात आईचं नाव लागलं.

त्या गोदामात दादा गेले होते याचा पुरावा म्हणजे हाच अहवाल, आणि त्यांना काही झालं नाही याचाही. साक्षीच्या आधी ड्रायव्हरकाका मला हळूच म्हणाले, "अक्षर वळखत न्हाई म्हन. तूच लिव्हलंय कळलं तर समदा कागदच खोटा म्हनतील."  आईने माझा पदर नीट केला.

"अक्षर माझं आहे," मी वकिलांना सांगितलं.

"शेवटचं वाक्य वाचा."

मी वाचलं. वर्गात मुलांना धडा वाचून दाखवते तशा स्पष्ट आवाजात.

"हे खरं की खोटं?"

"तेव्हा ते मोरीत ओकत होते. मला ऐकू येत होतं. तरी मी हे लिहिलं."

न्यायाधीशांनी मान वर केली. "त्यांच्यावर उपचार काय झाले?"

"केंद्रात गूळ दिला."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. माझं बोलणं त्यांनी जसंच्या तसं टाईप करणाऱ्या बाईंना सांगितलं. ओकत होते, ऐकू येत होते, गूळ दिला. इतक्या वर्षांनी तो आवाज मोरीतून निघून कागदावर आला होता.

निकाल अजून लागलेला नाही. शाळेत फळ्यावर लिहिताना कधी 'नाही' हा शब्द आला की खडू थांबतो आणि मागे कोणीतरी ओकतंय असं वाटतं. मी वळून पाहते. मुलं निमूट वहीत उतरवून घेत असतात.

साक्षीच्या दिवशी टाईप करणाऱ्या बाईंनी छापील जबाब पुढे सरकवला. वाचून खाली सही करायची होती. सही ओळ सोडून वाकडीतिकडी गेली.

"ताई, दुसरी करता का? कागद परत काढते," त्या म्हणाल्या.

"असू द्या," मी म्हटलं.