डिकीतला लाकडी तळ

लग्नानंतर ह्यांनी जुनी मोटार घेतली. डिकीत स्टेपनी आडवी पडलेली, त्यामुळे सामान नीट बसत नसे. म्हणून पिंपरीच्या नव्या कारखान्यातून खोक्यांच्या फळ्या आणून ह्यांनी स्टेपनीच्या वर सपाट तळ ठोकून टाकला. मी विचारलं, "आता चाक काढायचं कसं?"

"तुला त्यातलं काय कळतंय," हे म्हणाले.

चाकणच्या बाजारातून कांदे घेऊन येताना कुरुळीजवळ मोटार पंक्चर झाली. पोती रस्त्याकडेला उतरवून हे खिळे उपटत बसले आणि येणारेजाणारे मला कांद्याचा भाव विचारू लागले. मीही सांगत गेले. चाक बसेपर्यंत एक पोतं खपलं होतं.

तेव्हापासून घरात साधा खिळा मारायचा तरी हे आधी मला हाक मारत. परवा त्यांच्या फोटोसाठी मुलाने न विचारताच खिळा मारला. मला फार राग आला.