पाहुणे येतील म्हणून

बारावीनंतर मी दोन वर्षं घरी बसले, आणि ते काही आळसानं नाही. कॉलेज वाशिमला होतं. बाबा म्हणाले, "पोरगी पाहाले पाहुणे कधीही येतीन. तू तिकडं असली तर दाखवू कोणाले?" शिवणक्लासचंही तसंच बारगळलं. वावरात तर आई पाऊल टाकू देत नसे. उन्हानं रंग जातो म्हणायची. सोयाबीन सोंगायला मजूर मिळत नव्हते, तेव्हाही मी धडधाकट पोरगी घरात बसून पोह्यांसाठी शेंगदाणे सोलत होते.

शेवटी अनसिंगहून एक स्थळ आलं. मुलाच्या वडलांनी विचारलं, "पोरगी सध्या काय करते?"

"काहीच नाई," बाबा अभिमानानं म्हणाले. "मी तिले कुठंच धाडत नाई."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा घेतला आणि उठता उठता सांगितलं, "आमाले कॉलेजात जाणारी पोरगी पाहिजे."

त्यांची गाडी फाट्याकडे वळेपर्यंत बाबा दारात उभे होते. मग आत आले आणि माझ्यावरच खेकसले, "दोन वर्सं काहून बसून राह्यली वं घरात?"