खेळण्याच्या डब्यांवरचं कुंकू

ये गं, अशी जवळ बस. जळगावहून मामीकडे यायचं आणि उंबऱ्यातच "रिक्षा थांबवलीय" म्हणायचं, ही कुठली रीत? वर माळ्यावरचे डबे बघून काय म्हणालीस मघाशी? "मामी, हे भंगार काढून टाक ना." भंगार म्हणे! बस खाली. ऐकल्याशिवाय चहा मिळायचा नाही.

एकोणीसशे नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. तुझ्या मामांच्या ऑफिसच्या कामाला नाशिकचे एक रिटायर इंजिनिअर यायचे आणि आमच्याकडे जेवायचे. त्यांना एकच वेड. लोखंडी पट्ट्या, चाकं, नटबोल्ट जोडून क्रेन नाहीतर पूल करायचा, असे मुलांचे संच मिळायचे ना पूर्वी? ते जुने संच हे गृहस्थ जमवायचे. साठी उलटलेला माणूस! मी तोंडाला पदर लावून हसले, तर म्हणाले, "हसू नका वहिनी. आता ते बनवणं बंद झालंय. कोरा डबा आणून द्या, छापील किमतीच्या तिप्पट देतो."

माझं हसू तिथंच विरलं. कारण असले डबे कुठे पडलेत ते मला ठाऊक होतं.

माझं माहेर साक्रीचं. तिथल्या वह्या-पेनांच्या दुकानात अगदी वरच्या फळीवर ते वर्षानुवर्षं धूळ खायचे. बाजाराला आलेला माणूस पोराला शिट्टी घेईल, फुगा घेईल, एवढा महाग डबा कोण घेतो? मी मागितला तर दुकानदार म्हणाला, "अक्का, एवढ्यात नातू झाला की काय?" मी म्हटलं, "नाही भाऊ, मलाच खेळायचंय. पण किंमत मात्र धुळीची कापून घे." घासाघीस करून घेतला. मग चोपडा, नरडाणा, जिथं लग्नाला, बारशाला जाईन तिथलं खेळण्यांचं दुकान आधी गाठायचं. माल बघायला मी शिकले. आतल्या पट्ट्या पुठ्ठ्याला दोऱ्यानं शिवलेल्या असायच्या, तो दोरा तुटलेला नको. आणि झाकणावरचं चित्र स्वच्छ हवं. इंजिनिअरांच्या या दोनच अटी.

पहिले काही डबे गेले. त्या पैशांत, कुणाला न विचारता, मी पुढचा माल घेतला. कुणाला न विचारता! तुझ्या पगाराच्या नोकरीत तुला हे कळायचं नाही.

घरात मात्र चेष्टाच. तुझे मामा म्हणायचे, "नटबोल्टच विकायचेत तर एसटीच्या वर्कशॉपला जा." आणि तुझी आजी, माझी सासू, आल्यागेल्याला सांगायची, "मन्ही सून भंगारवाली व्हई गयी!" मी गिळून घ्यायचे. पण माळा भरला तसे मामा एकदा स्पष्टच बोलले, "दिवाळीला हा माल उठला नाही तर तुझे हे हेलपाटे बंद." मी म्हटलं, बघाच. इंजिनिअर भाऊबीज झाली की सगळे डबे न्यायला येणार होते. त्यात तो सर्वांत मोठाही होता, झाकणावर लाल क्रेन असलेला.

लक्ष्मीपूजनाला मी चुलीपाशी करंज्या तळत होते. आजींनी हाक मारली. झारा हातात तशीच गेले, आणि बघते तर बठ्ठे, सगळेच्या सगळे डबे पाटांवर मांडलेले. प्रत्येक झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक! वर अक्षता. लाल क्रेनच्या बरोबर मधोमध!

"तू येपार करस ना? मंग मालनी पूजा नको?" आजी म्हणाल्या, आणि मलाही कुंकू लावलं.

वर्षभर ज्याला भंगार म्हणाल्या, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा माल म्हणाल्या. आणखी आठवडाभर मला भंगारवाली म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं गं?

पाडव्याला कापसानं पुसून पाहिलं, टाल्कम पावडर लावून पाहिली. तेल पुठ्ठ्यात मुरलेलं. लाल होतं ते गुलाबी होऊन आणखी पसरलं.

इंजिनिअर आले. चष्मा वर करून एकेक झाकण निरखलं. "वहिनी, दोरे शाबूत आहेत, पण हे डाग..."

आतून आजींचा आवाज आला, "हाऊ कुंकूले डाग म्हणस?"

बिचारे ओशाळले. मी म्हटलं, घेतल्या भावात तरी न्या. म्हणाले, "खराब झाकणाचे माझ्याकडे आहेत हो. मी यायचो ते कोऱ्यासाठी." दोन लाडू खाल्ले, आजींच्या पाया पडले आणि रिकाम्या हातानं गेले. परत आले नाहीत. मामा टोमणाही मारेनात, त्याचाच जास्त राग आला मला. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं. हेलपाटे मात्र बंद झाले ते झालेच.

आणि आजी? त्या शेवटपर्यंत सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या की सुनेचा मोठा व्यापार होता, मालाची पूजा त्यांनी स्वतः केलेली, त्या नाशिकवाल्याचीच नियत वाईट. कुणावर चिडायचं, सांग ना! अजून माळ्याकडे नजर गेली की डोकं तडकतं.

आता तू म्हणतेस काढून टाक. मुलानंही दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढले होते, मीच परत वर चढवले. विकता येत नाहीत, टाकवत नाहीत. आणि गंमत बघ, एवढी गावं पालथी घातली, पण त्यातली एक पट्टी कधी मी हातात धरून बघितली नाही. दोरा तुटेल ना!

वाजवला बघ तुझ्या रिक्षावाल्यानं हॉर्न. जा. पण पुढच्या खेपेला लेकीला घेऊन मुक्कामाला ये. त्या क्रेनच्या डब्याचा दोरा तिच्या हातानं कापू आपण. कात्री मी काढून ठेवते. फार दिवस लावू नकोस गं, लवकर ये.